गप्प असेल त्याच्याकडे आधी

धुरपताबाईनं माझा उजवा खांदा बसवला, त्याला आता बरीच वर्षं झाली. खांद्याबद्दल माझी काही तक्रार नाही. थंडीवाऱ्यातही तो कधी ठणकला नाही. तक्रार आहे ती खांदा बसवताना ती बाई जे बोलली त्याबद्दल, आणि ती मी मरेपर्यंत करणार आहे.

मी तेव्हा आमगावपासून दोन कोसांवरच्या मोहटोल्याच्या शाळेत मास्तर होतो. साल बत्तीस असावं. शाळेचं छप्पर गळायचं, आणि कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला कुणी येईना, म्हणून मीच वर चढलो. मास्तरानं छपरावर चढू नये हे मला खाली येताना कळलं, आणि मी फार लवकर खाली आलो. खांदा निखळला. हात कुठं लोंबत होता ते मला बघवत नव्हतं. चौघांनी मला उचलून धुरपताबाईच्या अंगणात नेलं. ती सुपानं तांदूळ पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात धुतले, मला जमिनीवर उताणं निजवलं, शेजारी बसून आपली टाच माझ्या काखेत टेकवली आणि माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. मग अगदी गोड आवाजात विचारलं,

"मास्तर, येक सांगा. दुपारी तुमी वर्गात झोपता, तवा पोरायले पाढे कोन शिकवते?"

"कोण झोपतं?" मी ओरडलो. "मी झोपत नाही! मी डोळे मिटून..."

खट्‌ असा आवाज झाला.

"झालं," धुरपताबाई म्हणाली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

खांदा जागेवर आला होता आणि मला तो आलेला कळलासुद्धा नव्हता. हे मी मान्य करतो. पण अंगणात तोवर अर्धा गाव जमला होता, आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या अर्ध्यालाही मास्तर वर्गात झोपतो हे कळलं. मी झोपत नसे. डोळे मिटले की सतराचा पाढा नेमका कुठं चुकतो ते नीट ऐकू येतं. हे मी तेव्हापासून सांगत आलो आहे आणि ऐकणारे तेव्हापासून हसून मान हलवत आले आहेत.

धुरपताबाईला अक्षर ओळखीचं नव्हतं. बाप माणसांची आणि बैलांची हाडं बसवायचा, आई बाळंतपणं करायची. दोघांची विद्या एकाच लेकीच्या हातात आली. हात तरी कसे, आखूड, जाड, बोटांची पेरं सुपारीएवढी. तोंडानं मात्र ती बापावर गेली नव्हती की आईवर. ते तिचं स्वतःचं होतं. पंचक्रोशीत कुणाचं काही मोडलं, निखळलं, फुटलं की लोक आधी तिच्या नावानं बोटं मोडायचे आणि मग तिच्याकडेच यायचे.

दुखण्यावर तिच्याकडे औषध नव्हतं. म्हणजे हळद होती, चुना होता, बांबूच्या कमच्या होत्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या होत्या. पण हाड ओढताना जी कळ मस्तकात जाते तिच्यावर इतर वैदू मोहाची दारू पाजत. ही पाजू देत नसे. "पेलेला मानूस ओकते," ती म्हणायची, "आन ओकलेलं उलटं छातीत जाते. हात नीट होते आन मानूस जाते." मग कळ मारायची कशानं? तर रागानं. एकदा मी तिला चिडून विचारलंच, की बाई, लोकांची अब्रू काढल्याशिवाय तुला हाड बसवता येत नाही का? तेव्हा तिनं मला समजावून सांगितलं.

"मास्तर, मानसाच्या डोस्क्यात दुखनं आन राग येका वक्ती मावत नाही. रागाले आत घेतलं का दुखनं भायेर बसते. तेवढ्यात आपलं काम उरकून घ्यावं."

मला ते पटलं, पण तसं मी तिला सांगितलं नाही.

अडचण एकच होती. गावाला ही युक्ती हळूहळू ठाऊक झाली. लोक घरूनच ठरवून येत, की ती काय वाटेल ते बोलो, आपण चिडायचं नाही. म्हणून तिला प्रत्येकासाठी नवं आणि खरं काहीतरी शोधावं लागे. खोट्यावर माणूस हसतो, खऱ्यावर भडकतो. परसराम सुतार रानडुकराची शिकार सांगत गावभर फिरला होता. त्याचं बोट निखळलं तेव्हा तिनं विचारलं, "परसराम, डुकराले पाहून झाडावर चढलं कोन होतं गा?" परसराम एवढा तापला की बोट बसल्यावरही चांगला वेळभर भांडत राहिला. झाडाजवळ तर कुणीच नव्हतं, मग हिला कुणी सांगितलं, हे त्याला पुढं बरेच दिवस उमगलं नाही.

मला उमगलं होतं. तिला सांगणारा तिचा नवरा होता.

उदाराम गावतळ्याची मोरी सांभाळायचा. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, किती पाणी सोडायचं, मोरी केव्हा उघडायची, केव्हा बंद करायची, हे काम त्याच्याकडे बापजाद्यापासून आलेलं होतं. हे तळंही त्याच्याच कुणा पूर्वजानं बांधलं होतं असं सांगत. तो दिवसभर मोरीजवळच्या दगडावर, गालात पानाचा विडा धरून, मान खाली घालून बसलेला असे. त्याच्यासारखा गप्प माणूस मी दुसरा पाहिला नाही. राम राम घातला तर मान हलवायचा. पाणी मागितलं तर उठून मोरी उघडायचा. बायका धुणं धुताना आणि गडीमाणसं बैल धुताना त्याच्या देखत वाटेल ते बोलत, कारण दगडावर बसलेल्या दुसऱ्या दगडाला कोण घाबरतं? गावात बोलणारे आठशे होते आणि ऐकणारा हा एकटाच. ऐकलेलं तो घरी जाऊन बायकोला कधी आणि कसं सांगायचा हे देवच जाणे, कारण मी तर त्याला सलग चार शब्द बोलताना ऐकलं नव्हतं.

त्याची भाषा म्हणजे खाकरणं. आमच्याकडे पुरुषमाणूस घरात शिरताना दारात खाकरतो, म्हणजे आतल्या बायका पदर सावरतात. उदाराम त्या एका खाकरण्यावर अख्खा संसार चालवायचा. जेवण झालं, खाकरला. जातो, खाकरला. आणि धुरपताबाई कुणाचं हाड धरून फारच लागट बोलली की मागून कुठून तरी तो हळूच खाकरायचा. त्याचा अर्थ 'पुरे आता' असा होता. ती लगेच पुरे करायची. उभ्या गावात तिच्या तोंडाला तेवढा एकच लगाम होता.

आता तिचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तो तिला आईच्या बाळंतपणांतून मिळाला होता. लेकरू जन्मलं आणि रडलं की काळजी नाही. न रडलेल्याच्या तोंडात करंगळी घालून आधी आतला चिकटा काढायचा. मोठ्या माणसालाही तिनं तोच न्याय लावला होता. "बोंबलते त्याचा श्वास चालू आहे," ती म्हणायची. "बोंबलनाऱ्याले बोंबलू द्या. गप्प असन त्याच्याकडे आदी." म्हणून एकाहून जास्त माणसं पडलेली असली की ती कुणालाच हात लावत नसे. मध्ये उभी राहून एकेकाला नावानं हाक मारी. जो ओ देईल तो थांबेल. जो देणार नाही त्याच्याकडे ती धावे. भल्या घरचे लोक विव्हळत पडलेले असताना ही बाई हजेरी काय घेत बसते, असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं. मला तर तिच्या त्या हजेरीचा हेवाच वाटे, माझ्या वर्गात कुणी एवढ्या तत्परतेनं ओ देत नसे.

पस्तीस सालच्या माघात आमच्या गावचा शंकरपट भरला. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या मुलखात बैलजोड्या पळवायची हौस सुरू होते, आणि मोहटोल्याच्या पटाला पार तिरोड्यापासून जोड्या येत. गावचे जमीनदार, मालगुजार केशोराव, आदल्या वर्षी पहिले आले होते आणि वर्षभर त्यांनी दुसरा विषय काढला नव्हता. या वर्षी त्यांनी पाहुण्यांसाठी बांबूचं उंच मचाण बांधून घेतलं. बांधलं परसराम सुतारानं, आणि बांधून झाल्यावर हौसेनं स्वतःही वर जाऊन बसला. केशोरावांचे तिरोड्याचे व्याही टेकचंद पाहुणे म्हणून आले होते. उदारामला गर्दी आवडत नसे. तो मचाणाखालच्या सावलीत, खांबाला टेकून, मान खाली घालून बसला होता.

दुपारच्या तिसऱ्या फेरीत दोन जोड्यांना झेंडी पडली, आणि नेमकं तेव्हाच टेकचंद व्याह्यांना ऊन लागलं. त्यांनी काळी छत्री फट्‌कन उघडली. डावीकडची जोडी बुजली, आपली वाट सोडून सरळ मचाणाकडे वळली, आणि खांबाला धडकून पुढं निघून गेली. मचाण एका अंगाला झुकलं, थोडं थांबलं, आणि मग मालगुजार, व्याही, छत्री, परसराम आणि आणखी दोघांसह खाली आलं.

मी वीस पावलांवर होतो. धूळ, आरडाओरडा, बायकांची रड. धुरपताबाई बांधावरच्या बायकांतून उठून आली, कासोटा घट्ट केला, आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

"परसराम!"

"मेलो वो माय, माया पाय!"

"पुनाराम!"

"ओ!"

"केवलराम!"

"आहो बाई, आहो!"

केशोरावांना हाक मारायची गरजच नव्हती. ते पडल्या क्षणापासून तिच्या नावानं ओरडत होते, मनगट वाकडं झालं होतं त्यांचं. व्याही गुडघा धरून हिंदीतून देवाला बोलावत होते. पाचही जण बोलत होते. धुरपताबाईनं मोठा श्वास सोडला.

"सारे बोलून राहिले. कोनी मरत नाही," ती म्हणाली, आणि केशोरावांकडे गेली.

इथं मला थांबून एक सांगायचं आहे. त्या हजेरीत सहावं नाव राहिलं. ते तिनं घेतलं नाही कारण ते ती घेऊच शकत नव्हती. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तीस वर्षांच्या संसारात तिनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं. आणि आम्ही बाकीचे? आम्ही सगळ्यांनी उदारामला पाहिलं होतं. मचाण कोसळलं तरी त्याचा खांब उभाच होता, आणि त्याला टेकून, हनुवटी छातीवर ठेवून तो बसला होता. रोज बसतो तसाच. गावातला एक कवडू तर त्याच्याकडे चुना मागायला गेला, दोनदा मागितला, उत्तर आलं नाही, तेव्हा 'याचं नेहमीचंच' म्हणून परत आला. मीही पाहिलं. मला वाटलं, काय माणूस आहे हा, डोक्यावर मचाण पडलं तरी बोलत नाही. मी मनात हसलोसुद्धा. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

धुरपताबाईनं केशोरावांचं मनगट धरलं. मालगुजार सावध होते, त्यांनी दात घट्ट दाबून ठेवले होते.

"मालक," ती म्हणाली, "गेल्या साली पटात पयली आली ते जोडी तुमच्या व्याह्याची होती ना? मंग शिंगायले रंग कोनं मारला, तुमी का परसरामनं?"

केशोरावांचं तोंड उघडलंच.

"कोण म्हणतं?" केशोराव गरजले. "कोणाची छाती आहे..."

मनगट जागेवर आलं. पलीकडून टेकचंद व्याही गुडघा सोडून आनंदानं ओरडले, "मेरीच जोडी थी! साल भर से मैं चुप बैठा हूँ!" आणि मग जे हसू फुटलं ते मी काय सांगू. बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून हलत होत्या. मीही पोट धरून हसलो. वर्गात झोपणारा मास्तर एका दिवसात मागं पडला होता.

हसली नाही ती फक्त धुरपताबाई. मालगुजाराच्या मनगटाभोवती पट्टी अर्धी गुंडाळून ती थांबली होती. मान किंचित वाकडी करून, कान देऊन ऐकत होती. आयुष्यातलं सगळ्यात लागट वाक्य ती बोलली होती, खुद्द मालगुजाराला, हजार माणसांत. आणि मागून कुणी खाकरलं नव्हतं.

"हे कुठी आहेत?" ती म्हणाली.

कुणीतरी खांबाकडे बोट केलं. "ते पाहा, बसले. काई नाही झालं त्यायले."

तिनं वळून पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होतो, तिचा चेहरा उतरताना मी पाहिला. पट्टी तशीच सोडून ती धावली.

"अवो," ती म्हणाली. "अवो, आयकता का?" तिनं खांद्याला हात लावला आणि उदाराम एका अंगाला कलंडला. ओठ जांभळे झाले होते.

"अवो!"

मग तिनं श्वास घेतला आणि हाक मारली.

"उदाराम!"

ती हाक मी विसरणार नाही. हजेरीतल्यासारखीच होती, खणखणीत, पण शेवटी फाटलेली. म्हाताऱ्या बायकांनी कानांवर हात ठेवले. उदारामनं ओ दिली नाही.

त्यानंतर तिचं तोंड बंद झालं आणि हात चालू झाले. "मास्तर, डोस्कं धरा. मान वाकडी होऊ देऊ नका," एवढं ती मला म्हणाली. मी धरलं. आम्ही त्याला कुशीवर वळवलं. तिनं दोन्ही हातांनी जबड्याचे कोपरे धरून खालचा जबडा पुढं ओढला, तोंड उघडलं, आणि दोन बोटं आत घातली. आधी रक्त आलं, एक दात आला, आणि मग घशाशी जाऊन बसलेला तो पानाचा विडा आला, चोथा झालेला, मुठीएवढा वाटला मला. तो बाहेर पडला तरी छाती हलली नाही. तिनं पाठीवर तळहाताच्या बुडानं एक दिली, दुसरी दिली.

तेवढ्यात कवडू लोटा घेऊन आला. आमच्याकडे माणूस बेशुद्ध पडला की पहिल्यांदा पाणी आणतात आणि तोंडात ओततात. मरत असेल तर पुण्य लागतं, जगत असेल तर शुद्ध येते, असा सगळ्यांचा समज. म्हातारे ओरडत होते, तोंडात पानी घाला, तोंडात पानी घाला. कवडूनं लोटा वाकवला. धुरपताबाईनं तो असा उडवला की थेट मालगुजाराच्या पायाशी जाऊन पडला.

"कायले पाजून राहिला रे? पान्याचा मानूस आहे तो! कोरड्या जमिनीवर बुडवून मारशीन का?"

तिसऱ्या थापेला उदाराम खोकला. मग एक लांब, घरघरणारा श्वास आत गेला, चुलीत फुंकणी मारल्यासारखा आवाज आला. मग दुसरा. ती जबडा सोडायला तयार नव्हती. तशीच मांडी घालून, त्याचं तोंड जमिनीकडे कललेलं ठेवून बसून राहिली. ओठांचा जांभळेपणा हळूहळू ओसरला. माझे हात त्याच्या डोक्याला होते म्हणून मला डोळे पुसता येत नव्हते.

घटकाभरानं त्यानं डोळे उघडले. समोर हजार माणसं वाकून पाहत आहेत हे बघून त्यानं ते परत मिटले. तेव्हा आम्हाला कळलं, की हा शुद्धीवर आला आहे.

आमगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणायला गाडी पाठवली होती. ती जाऊन यायला संध्याकाळ झाली असती. इकडे उदारामचा डावा खांदा निखळला होता, आणि निखळलेला खांदा जितका वेळ तसा राहील तितका घट्ट होत जातो, हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक होतं? ती त्याच्या शेजारी बसली. टाच काखेत टेकवली. मनगट धरलं. आणि आम्ही पाहिलं, की तिचे हात कापत आहेत.

पण आधी त्याला चिडवायला हवं होतं ना. आणि इथंच घोडं अडलं.

"तुमी..." ती म्हणाली आणि थांबली. "तुमी त्या..." पुन्हा थांबली.

तिला काही सापडेना. उभ्या गावाच्या चहाड्या तिला ठाऊक होत्या, पण त्या आणून देणारा तर हाच होता. त्याची स्वतःची चहाडी तिला कोण सांगणार? लोकांनी मदत करून पाहिली. कुणी म्हणालं, मोरी उघडायला उशीर करतो म्हणा. दुसरा म्हणाला, कधीच केला नाही गा उशीर. परसराम तंगडी धरून पडल्या जागेवरून म्हणाला, माझं झाडावरचं यानंच सांगितलं असणार, त्याबद्दल शिव्या घाला. पण तो त्याचा राग होता, उदारामचा नव्हता. तीस वर्षांत या माणसानं चिडण्यासारखं काही केलं नव्हतं की चिडवण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. इतका निर्दोष माणूस वैद्याच्या काही कामाचा नसतो.

धुरपताबाईनं मनगट खाली ठेवलं. "माझ्यानं नाही होत," ती म्हणाली. आम्ही हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "डाक्टर येईन. त्यायलेच करू द्या."

उदाराम तिच्याकडे पाहत होता. तो खाकरायला गेला, पण छातीत कळ आली असावी. त्यानं उजव्या हातानं तिचा हात उचलून परत आपल्या मनगटावर ठेवला. आणि बोलला. आवाज रक्तानं घोगरा झाला होता, पण शब्द स्वच्छ होते.

"आयक. तुया वरनात मीठ जास्त रायते. लगन झालं तवापासून."

धुरपताबाईनं मान वर केली.

"का म्हनलं?"

"खारट," उदाराम म्हणाला. "लय खारट."

"खारट?" तिचा आवाज चढला. "तीस साल रांधून राहिली मी तुमाले, तीस साल! येक दिस ताटात शीत नाही ठेवलं तुमी, आन खारट? तवा काऊन नाही बोलले? तोंड शिवलं होतं का? आन आज, साऱ्या पटात, मालकाच्या पाहुन्यायसमोर..."

खट्‌.

खांदा बसला होता. तिचे हात रागानं दगडासारखे घट्ट झाले होते आणि काम त्यांचं त्यांनीच उरकलं होतं. ती मात्र अजून बोलतच होती. चुलीवर आली होती, मग सासूवर, मग लग्नातल्या पंगतीवर. आपण ओढलं हे तिला कळलं तेव्हा ती वाक्याच्या मध्येच थांबली. त्याच्या खांद्याकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. ते कापत नव्हते.

उदाराम खाकरला. छातीत दुखत असूनही खाकरला. पुरे आता.

मग ती रडली, हजार माणसांसमोर, मोठ्यानं. आणि केशोराव मालगुजार, ज्यांच्या मनगटाची पट्टी अजून अर्धी लोंबत होती, ते तोंड फिरवून उभे राहिले. त्या माणसाबद्दल मला पुष्कळ बोलायचं असतं, पण त्या दिवसापुरतं मी त्यांना माफ केलं आहे.

डॉक्टर दिवस मावळायच्या सुमाराला आले. बंगाली होते. त्यांनी उदारामची छाती ऐकली, खांदा चाचपला, आणि विचारलं, "दर्द के लिए क्या दिया था?" कुणीतरी म्हणालं, मीठ. डॉक्टरांना हे कळलं नाही आणि आम्ही समजावून सांगितलं नाही. जाताना ते धुरपताबाईला वाकून नमस्कार करून गेले.

बायकांनी तिला बरेच दिवस बोल लावला, नवऱ्याचं नाव घेतलंस म्हणून. ती म्हणायची, घेतलं त घेतलं, ओ तरी कुठी देल्ली त्यायनं. त्यानंतर मात्र ती कुठंही माणसं पडलेली असली, की हजेरी संपल्यावर पडलेल्यांभोवती एक पूर्ण फेरी मारायची, प्रत्येक गप्प बसलेल्याच्या नाकाशी हात धरून. मला तिनं दोनदा असं जागं केलं. मी झोपलो नव्हतो.

राहिली मिठाची गोष्ट. मी त्या घरी त्या पटाच्या आधी कितीतरी वेळा जेवलो होतो. तिचं वरण गावात नावाजलेलं होतं आणि मीठ त्यात अगदी बेताचं असे. हे मी तिला सांगू शकलो असतो. पण एकदा सांगायला तोंड उघडलं तेव्हा समोरून उदारामनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी नुसता ठसका लागल्याचं सोंग केलं. पटाच्या दुसऱ्याच दिवसापासून तिनं वरणातलं मीठ निम्म्यावर आणलं होतं. उदाराम ते अळणी वरण पुढं अकरा वर्षं, मरेपर्यंत, दोन्ही वेळा जेवला, आणि एकदाही खाकरला नाही.